तुमच्या जागी कोण?

२०१३ सालची गोष्ट. पाऊस सरत आला होता आणि शेतात कापूस फुटायला लागला होता. जालना जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तेव्हा शिकवत होतो. पहिली ते चौथीचे वर्ग, पट एक्केचाळीस, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा व्हरांडा. शिक्षकांसाठीच्या एका परदेशी कार्यक्रमाचा अर्ज मी भरला होता. निवड झाली असती तर एक सत्र परदेशातल्या विद्यापीठात शिकायचं, तिथल्या सरकारी शाळांमध्ये बसायचं, वर्ग पाहायचे आणि परत यायचं. अर्ज 'योग्य त्या मार्गाने' पाठवायचा होता, म्हणजे आधी केंद्रप्रमुख, मग तालुका, मग जिल्हा.

तालुक्याच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, चांगलंच आहे हे. पण आधी मला एवढं सांगा, तुमच्या जागी कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत परतलो तर आमच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जा सर, मी बघते." त्या खरंच मनापासून बोलल्या. पण त्या वेळी त्यांच्या एका हातात पोषण आहाराची वही होती, दुसऱ्या हातानं त्या पहिलीतल्या एका पोराचं नाक पुसत होत्या आणि पलीकडच्या खोलीत चौथीची पोरं दंगा करत होती. चार वर्ग, एक्केचाळीस लेकरं आणि एकट्या मॅडम. मी अर्जाचा पाठपुरावा केला नाही. अर्ज कुठल्या तरी फायलीत राहिला आणि मुदत निघून गेली.

पुढं बरीच वर्षं तो प्रश्न मला टोचत राहिला. सुरुवातीला साहेबांचा राग यायचा. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं मी वाचत गेलो. आपल्या भागात बाहेरचा शिक्षक कधी आला, इथला शिक्षक बाहेर कधी गेला आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेल्या वर्गाचं काय झालं, एवढंच मला पाहायचं होतं. त्या वाचनातून माझा राग गेला नाही, पण त्याचा रोख बदलला.

*

सुरुवात जालन्यापासूनच करतो. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते, पण या गावाचा परदेशी शाळांशी दीडशे वर्षांचा संबंध आहे हे फारसं कुणी सांगत नाही. निजामाच्या राज्यातलं हे गाव इंग्रजी फौजेची छावणी होतं. १८६० च्या दशकात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं मिशन इथं आलं. गंमत अशी, की ते उभारणारा माणूस स्कॉटिश नव्हता. तो मराठी ब्राह्मण घरात जन्मलेला होता. त्याचं नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही मिशनऱ्यांनी ठेवून घेतलं होतं. त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि श्रीपतला परत जातीत घ्यावं की नाही यावर त्या काळी मोठं वादळ उठलं. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूनं उभे राहिले, म्हणून आपल्याला हे प्रकरण निदान त्यांच्या चरित्रातून तरी माहीत असतं. थोरला भाऊ पुढं जालन्यात आला. मांग समाजात त्यांनी काम सुरू केलं आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. शाळा हा त्या कामाचा कणा होता. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेला ते गेले होते. म्हणजे जालन्यात शाळा चालवणारा मराठी माणूस अटलांटिक ओलांडून अमेरिकेत बोलून आला, त्याला आता दीडशे वर्षं होऊन गेली.

या कामाचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं काही कारण नाही. जे त्यांच्या शाळेत शिकले त्यांना गावच्या शाळेत कुणी बसू दिलं नसतं, हेही तितकंच खरं आहे. माझ्या प्रश्नाच्या बाजूनं पाहिलं तर इथं एक गोष्ट दिसते. पैसा आणि माणसं स्कॉटलंडहून जालन्याकडे आली. जालन्याहून तिकडे गेली ती मुख्यतः हकिकत. इथल्या कामाची वर्णनं तिकडे वाचली जायची आणि त्यावर वर्गणी जमायची. तिकडच्या एखाद्या शाळेला जालन्याचा शिक्षक लागेल, असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

*

जालन्याच्या आधी अहमदनगर. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनसाठी मुंबईला आली. ती अविवाहित होती, आणि त्या काळी एकट्या बाईला असं परदेशी पाठवणं हीच नवलाची गोष्ट होती. १८३९ पासून ती नगरला होती आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. मधली सगळी वर्षं मुलींच्या शाळा. जोतीराव फुले आपले मित्र गोवंडे यांच्याकडे नगरला गेले तेव्हा त्यांनी या बाईंच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्याला मुलींची शाळा काढली. हे त्यांनी स्वतःच पुढं सांगून ठेवलं आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे घेतले, असंही सांगतात.

महाराष्ट्रात शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीची सर्वांत फळलेली गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगीन. तिला ना कार्यक्रमाचं नाव होतं, ना प्रमाणपत्र. एक शिक्षिका आली, इथली भाषा शिकली, पस्तीस वर्षं राहिली. एका तरुणानं येऊन तिचे वर्ग पाहिले आणि आपल्या गावी जाऊन ते आपल्या पद्धतीनं उभे केले. यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. फरारबाई राहिल्या, म्हणून त्यांचा वर्ग कधी रिकामा पडला नाही. आणि जोतीराव पाहून आले ते परत येण्यासाठीच गेले होते.

उलट दिशेचा प्रवास पंडिता रमाबाईंचा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, पुढं चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. तिथं त्या विद्यार्थिनी होत्या आणि संस्कृत शिकवणाऱ्या शिक्षिकाही. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात होतं, की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं. त्यावर काही बिशपांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल. रमाबाई चिडल्या. आपल्या वडिलांनी आणि नवऱ्यानं जी हरकत कधी घेतली नाही ती हे लोक घेतात, असं त्यांनी सुनावलं. अख्ख्या हिंदुस्थानात पुरुषांनी भरलेल्या सभांपुढं पुराण सांगितलेली ही बाई, तिला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेत राहून त्यांनी तिथल्या शाळा पाहिल्या, फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकून घेतली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन उघडलं. इथं आल्यावर जे झालं ते आपल्याला ठाऊक आहे. मला खटकतं ते चेल्टनहॅमचं प्रकरण. आमच्याकडे शिकायला या, जरूर या. शिकवायला लागलात की मात्र विचार करावा लागेल. देवाणघेवाण या शब्दात 'देवाण' आधी येतं, पण आपल्या वाट्याला बहुतेक वेळा नुसती 'घेवाण' आली.

*

मराठवाड्यात बाहेरचा शिक्षक म्हणजे नुसता गोरा शिक्षक नव्हे. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरच्या वर्गांतलं शिक्षण उर्दूत, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी बोलणारं पोर शाळेत हिशोबसुद्धा उर्दूत शिकायचं. मुलकी आणि गैरमुलकी हे शब्द आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी होते. मुलकी म्हणजे संस्थानचा रहिवासी. सरकारी नोकरी त्याचीच, असा नियम होता. म्हणजे पुण्याचा मराठी मास्तर जालन्यात सरकारी हिशेबानं परकाच.

तरीही माणसं येत राहिली, ती सरकारी नाही तर राष्ट्रीय शाळांमध्ये. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तिथं मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर त्याआधी मुंबईच्या कामगार चळवळीत होते. तेच पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे पुढारी. बाहेरून आलेला मास्तर राहिला, तर केवढं घडू शकतं याचा दाखला मराठवाड्याला तरी दुसरीकडे शोधायला नको.

याच राज्यात उलटही घडलं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झालं. त्यानंतर शाळांमधून बाहेरच्या प्रांतातले शिक्षक आले. १९५२ मध्ये वरंगळला गैरमुलकी शिक्षकांच्या नेमणुकांवरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आंदोलन हैदराबादला पोचलं आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या सिटी कॉलेजजवळ पोलिसांनी गोळीबार केला. मुलं मेली. तेव्हा जालना, वरंगळ आणि गुलबर्गा एकाच राज्यात होते, म्हणून ही आपलीही गोष्ट आहे. त्या मुलांचा राग शिक्षकांच्या बोलीवर नव्हता. 'या जागेवर आमच्यातलं कोण?' हा तो राग होता. माणसाची जागा दुसऱ्यानं घेणं ही गोष्ट कागदावर दिसते तेवढी साधी कधीच नसते.

*

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यात माझ्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं होतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी फौजेचं उरलेलं सामान जगभर पडून होतं. ते त्या त्या देशात विकायचं आणि आलेल्या पैशातून विद्यार्थी-शिक्षकांची देवाणघेवाण करायची, अशी कल्पना आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी मांडली. १ ऑगस्ट १९४६ ला अध्यक्ष ट्रूमन यांनी त्या कायद्यावर सही केली. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० ला, म्हणजे प्रजासत्ताक होऊन आठवडा झाला होता. सह्या पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या. २००८ मध्ये नवा करार झाला, भारत खर्चात बरोबरीचा भागीदार झाला आणि शिष्यवृत्त्यांना 'फुलब्राइट-नेहरू' असं नाव मिळालं.

या योजनेत शाळाशिक्षकांसाठी एक फार साधा प्रकार होता. त्यात शिक्षकांची थेट अदलाबदल व्हायची. इंग्लंडमधल्या गावातली शिक्षिका अमेरिकेतल्या शाळेत जायची आणि तिथली शिक्षिका हिच्या वर्गावर यायची. साधारणपणे पगार ज्याला त्याला आपापल्या शाळेकडून. वर्ग दोन्हीकडे चालू. मुख्याध्यापकांच्या 'तुमच्या जागी कोण?' या प्रश्नाचं उत्तर अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असायचं. पुढं भारतही या यादीत आला. पण यातून एका बाजूचा शिक्षक आमच्यासारख्या शाळेत कसा यावा? आमच्याकडे पहिली-दुसरीला मराठीत शिकवावं लागतं. तिथून येणाऱ्याला मराठी कुठून येणार? ही अदलाबदल शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेलाच पेलणारी होती. नंतर तीही बंद पडली. राहिले ते कार्यक्रम असे, की शिक्षकानं एक सत्र अमेरिकेतल्या विद्यापीठात जायचं, शिकायचं, एक प्रकल्प करायचा. मागच्या वर्गाचं ज्याचं त्यानं बघायचं.

मी भरलेला अर्ज याच जातीचा होता. साहेबांनी जे विचारलं ते योजना आखणाऱ्यांनीच विचारायला सोडून दिलं होतं, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

*

रणजितसिंह डिसले गुरुजींची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं परितेवाडी, तिथली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातला निम्मा भाग त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकला. गाईगुरांच्या गोठ्याशेजारच्या शाळेतला शिक्षक जगात पहिला आला याचा आनंद आम्हा जिल्हा परिषदवाल्यांना स्वतःच्या घरातलं लग्न असल्यासारखा झाला होता. त्यांचा एक उपक्रम भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करण्याचा होता.

पुढं त्यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये रजेचा प्रश्न उभा राहिला. रजा मिळणार की नाही, शाळेवर ते किती दिवस होते, यावरून दोन्ही बाजूंनी आरोप झाले. वर्तमानपत्रं भरली. तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर रजेचा मार्ग मोकळा झाला. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिल्याची बातमी आली. कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला दिसलं ते एवढंच, की जगातला सर्वोत्तम शिक्षक असो की माझ्यासारखा सामान्य, त्याच्या मागची खुर्ची भरायची व्यवस्था आपल्याकडे नाही. डिसले गुरुजींसाठी निदान मंत्री होते. बाकीच्यांसाठी कोण आहे?

*

आणि आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते सांगतो.

२०१७ मध्ये आमच्या शाळेत 'मिस्टरी स्काइप' खेळलो होतो. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांमध्ये तेव्हा हे चालायचं. दोन देशांतले वर्ग स्काइपवर समोरासमोर बसायचे आणि हो-नाहीचे प्रश्न विचारून समोरचे कुठले ते ओळखायचे. माझ्या मोबाइलचं नेट, मित्राचा लॅपटॉप. समोर पोलंडमधला वर्ग होता. आमच्या पोरांनी त्यांना ओळखलं नाही, त्यांनी आम्हाला ओळखलं. खेळ संपल्यावर तिकडच्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या वर्गात इतकी लहान आणि इतकी मोठी मुलं एकत्र कशी? मी सांगितलं, चारही वर्ग आज माझ्याकडे आहेत, दुसऱ्या शिक्षिका मतदारयादीच्या कामाला गेल्यात. बाई सहज म्हणाल्या, "मग त्यांच्या जागी कोण आलंय?"

तोच प्रश्न. साहेबांनी विचारला तेव्हा उत्तर नाही हे त्यांना माहीत होतं. बाईंनी विचारला तेव्हा उत्तर असणारच, हे त्यांनी धरून चाललं होतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

त्या रात्री मी हिशोब मांडला. मॅडम सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होत्या तेव्हा चारही वर्ग मीच चालवले. मी निवडणुकीच्या कामाला, प्रशिक्षणाला, सर्वेक्षणाला गेलो तेव्हा मॅडमनी. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांसाठी शिक्षकांना वर्गाबाहेर काढायची मुभाही ठेवली. त्यातल्या एकाही वेळी कुणी 'तुमच्या जागी कोण?' असं विचारलं नाही. आदेश यायचा, वर्ग जोडायचे, संपलं. दिवाळीनंतर आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. जी लेकरं आजी-आजोबांकडे मागे राहतात त्यांना शाळा हीच दिवसभराची सावली. त्यांच्यासमोर शिक्षक नसला तर काय होतं हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नसतं. प्रश्न विचारला गेला तो फक्त तेव्हा, जेव्हा शिक्षक शिकायला जाणार होता.

म्हणून आता मी म्हणतो, साहेबांचा प्रश्न बरोबर होता. चुकीच्या माणसाला विचारला होता. त्याचं उत्तर अर्ज करणाऱ्या शिक्षकानं द्यायचं नसतं. एका केंद्राखाली दहा-बारा शाळा असतात. त्या केंद्रात एक जरी राखीव शिक्षक असला तर बाळंतपण, आजारपण, निवडणूक आणि शिकायला जाणं या सगळ्यांची सोय होईल. मग परदेशी कार्यक्रम ही एखाद्या नशीबवानाची गोष्ट राहणार नाही. फरारबाई राहिल्या, रामानंद तीर्थ राहिले, जोतीराव पाहून परत आले. या सगळ्यात वर्गाला कुणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. त्या आता दुसऱ्या शाळेत आहेत, तीही दोनशिक्षकीच. म्हणाल्या, "सर, तसलाच एक फॉर्म आलाय. भरू का? पण माझ्या जागी कोण, हेच कळत नाही."

मी म्हणालो, भरा. आणि सोबत एक वेगळा अर्ज द्या, की या काळासाठी माझ्या वर्गावर शिक्षक नेमावा. त्याची आवक नोंद करून घ्या आणि पोच माझ्याकडे पाठवा. परवा त्यांनी फोटो पाठवला. शिक्का पुसट आलाय, पण आवक क्रमांक वाचता येतो.